फरशीखालची थाप

उस्मानाबादेतून फुटून लातूर वेगळा जिल्हा झाला, तेव्हा बाजारपेठेत पेढे वाटले होते. पण पेढ्यांची चव जिभेवर असतानाच पाऊस रुसला. पहिल्या साली कमी झाला, दुसऱ्या साली नावाला पडला. एकीकडे नव्या कचेऱ्यांचे पाये खणले जात होते आणि दुसरीकडे गावातल्या विहिरी तळ दाखवत होत्या.

त्याच साली रुद्राणी मूकबधिर मुलांच्या निवासी शाळेत अधीक्षक म्हणून रुजू झाली. उदगीरच्या लिंगायत घरातली पोर, हैदराबादेत बहिऱ्या मुलांना शिकवण्याचं शिक्षण घेतलेली. तिशी उलटली होती. लग्नाचं नाव काढलं की हसून विषय बदलायची. अधीक्षक म्हणायला मोठं पद, पण काम म्हणाल तर सकाळी टँकरवाल्याशी भांडायचं, दुपारी मास्तरांचे रुसवे काढायचे आणि दिवस मावळला की आईच्या आठवणीनं कढत असलेल्या पोराला मांडीवर घेऊन बसायचं. तिला ते आवडायचं.

शाळा बाजारपेठेच्या मागच्या अंगाला, एका जुन्या आडतीच्या गोदामात भरायची. गोदाम शिवलिंग अप्पांचं. त्यांच्या वडिलांनी, नागप्पा शेठजींनी, निजामाच्या राज्यात बांधलेलं. अप्पांनी ते संस्थेला देऊन टाकलं आणि संस्थेचे अध्यक्ष झाले. माणूस वाईट नव्हता. नावाची हौस होती, पण पोरांना सणाला गोडधोड पाठवायला विसरायचे नाहीत.

गोदामातली मोठी खोली म्हणजे मुलांची झोपायची जागा. जाड दगडी भिंती, खाली शहाबादी फरशी. बाहेर ऊन भाजून काढत असलं तरी आत गारवा असायचा. म्हणून जेवण झालं की पोरं तिथं अंग टाकायची.

अशाच एका दुपारी रुद्राणी दारात आली आणि थबकली. एकही पोर झोपलेलं नव्हतं. सगळी उत्तरेच्या कोपऱ्यात गोल करून उकिडवी बसली होती. प्रत्येकाचे तळवे फरशीवर टेकलेले, माना खाली. तिला वाटलं, काहीतरी खेळ असेल. तेवढ्यात सगळ्यांच्या माना एकाच क्षणी वर आल्या. कुणी हाक मारल्यावर याव्यात तशा. त्या पोरांत एकालाही जन्मात हाक ऐकू आलेली नव्हती.

शाळेत ओठ वाचायला शिकवत, पण पोरांची आपसातली खुणांची भाषा वेगळीच होती. रुद्राणी ती पोरांकडूनच शिकली होती. कपाळावर आडवं बोट ओढलं की रुद्राणीबाई, विभूती लावायच्या म्हणून. मिशीला पीळ दिला की मन्मथ मास्तर. तिनं सिंधूला खुणेनं विचारलं, "काय करताय?"

सिंधू लोह्याकडची. आईबाप दुसऱ्याच्या शेतात राबणारे. पोर मोठी धीट. तिनं एका हातानं दुसऱ्या हाताच्या मनगटाभोवती कडं केलं, मग तळवा जमिनीकडे नेला आणि हवेत थापा मारल्या.

बांगड्यावाली. खाली. ठोकतेय.

रुद्राणीनं हसून तळवा टेकवला. फरशी गार होती, एवढंच कळलं. तिनं मनाशी ठरवलं की कुठंतरी बोअर पाडत असतील. त्या दिवसांत गावभर बोअरच्या गाड्या फिरत होत्या. जमिनीतून येणारा हादरा या पोरांना आपल्या आधी कळतो हे तिला शिकताना सांगितलेलंच होतं. तरी खात्री करावी म्हणून ती रस्त्यावर जाऊन आली. पलीकडच्या गल्लीत गाडी उभी होती खरी, पण यंत्र बंद करून माणसं सावलीत भाकरी खात बसली होती.

तिनं ही गोष्ट कुणापाशी काढली नाही. पण पुढं पाण्याचा प्रश्न निघाला.

टँकर दिवसाआड यायचा. प्यायचं पाणी मोजून मिळायचं, पोरांना जेवताना एकेक पेला. स्वयंपाक करणारी पंचफुलाबाई एके दिवशी पदर खोचून रुद्राणीच्या टेबलाशी आली.

"बाई, पोरं पानी पिऊन न्हाई राहिलीत. फरशीत वतून राहिलीत."

"म्हणजे?"

"म्हंजी काय! पेला भरून घेत्यात, त्या कोपऱ्यात जात्यात, आन् फटीत वततात. मी घशाला कोरड पडू दिऊन रांजण राखावं, आन् ह्यांनी असं करावं का?"

रुद्राणी गेली तेव्हा रांग लागली होती. पोरं एकामागं एक येत, दोन फरशांमधल्या फटीवर पेला रिता करत आणि निमूट बाजूला होत. ओठ सुकलेले, काहींच्या ओठांना चिरा पडलेल्या. फटीत पाणी पडलं की थेंबभरही वर राहत नव्हतं. खालून कुणी ओढून घ्यावं तसं जात होतं.

मन्मथ मास्तरांनी एका पोराचा कान धरला. मास्तर तसे कष्टाळू, पण त्या उन्हाळ्यात सगळ्यांचीच डोकी तापलेली. रुद्राणीनं त्यांचा हात सोडवला.

"मास्तर, मारायचं नाही. विचारायचं."

"काय विचारायचं बाई? इथं माणसांला पाणी न्हाई, आन् हे भुताला पाजून राहिलेत."

रुद्राणीनं सिंधूला जवळ घेतलं. विचारलं, पाणी का ओततेस? सिंधूनं गळ्यापाशी चिमूट धरून दाखवली. तिला तहान लागलीय. मग तिनं तोंड उघडून, जीभ टाळ्याला लावून असा काही चेहरा केला की रुद्राणीच्या अंगावर काटा आला. नऊ-दहा वर्षांच्या पोरीचा तो चेहरा नव्हताच. तो तिनं कुणाचा तरी बघून उचललेला चेहरा होता.

दुसऱ्या दिवशी पोरं बाहेर पडवीत जेवत असताना रुद्राणी एकटी खोलीत गेली. दार लोटून घेतलं. कोपऱ्यात गुडघ्यांवर बसून तिनं तळवा टेकवला. पत्रा तापून कडकडत होता, बाहेर कावळा ओरडत होता. बराच वेळ काही झालं नाही. पाय अवघडले. आता उठावं असा विचार तिच्या मनात आला, आणि हाताच्या तळाशी थाप पडली.

आवाज नव्हता. कानाला काहीच नव्हतं. पण खालच्या बाजूनं कुणी उघड्या हातानं दगडावर मारलं होतं, यात शंका नव्हती. मग थोडं थांबून आणखी एक. दमलेल्या माणसाची असते तशी.

तिनं हात उचलला. सगळं शांत. पुन्हा टेकवला. आणि कुणास ठाऊक का, तिनं आपल्या बाजूनं हलकेच थाप दिली.

खालच्या थापा एकदम वाढल्या. भराभर, वेड्यावाकड्या, दोन्ही हातांच्या. तिनं घाबरून तळवा बाजूच्या फरशीवर सरकवला, तर थापाही तिथं आल्या. आणखी सरकवला, तिथंही आल्या. तिचा हात कुठं आहे हे खालच्याला कळत होतं.

रुद्राणी बाहेर आली तेव्हा तिच्या अंगाला दरदरून घाम फुटला होता. पहारेकरी व्यंकटी जिन्यापाशी बसला होता. तिच्याकडं बघून तो हळूच म्हणाला, "कळलं का बाई तुमाला बी? जुने हमाल त्या कोपऱ्यात भाकर सुदिक खात नव्हते. का, ते कुनी सांगत नव्हतं."

संध्याकाळी ती अप्पांच्या घरी गेली. अप्पा बैठकीत सुपारी कातरत होते. त्यांच्या आई गंगम्मा आतल्या दाराशी वाती वळत बसलेल्या. रुद्राणीनं भुताचं नाव काढलं नाही. एवढंच सांगितलं, की कोपऱ्यातली फरशी हलतेय, खाली पोकळी असावी, मुलांना तिथं ठेवणं बरं नाही.

"उंदीर-घुशी असतील," अप्पा म्हणाले. "गोदामच होतं ते. रुद्राणीबाई, तुम्हाला माहीत हाय, समाजकल्याणचे साहेब तपासणीला येऊन राहिलेत. आपला कागद निम्मा उस्मानाबादेत, निम्मा इथं. झोपायची मोठी खोली न्हाई म्हणले तर मान्यताच जाईल. मग पोरांना काय रस्त्यावर झोपवायचं?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. रुद्राणीलाही ते माहीत होतं. तेवढ्यात आतून गंगम्मांनी विचारलं, "कोनत्या कोपऱ्यात?"

"उत्तरेच्या, अव्वा."

गंगम्मांच्या हातातली वात खाली पडली. त्यांनी ती उचलली नाही.

रुद्राणीनं रात्रभर विचार केला आणि सकाळी खोली रिकामी करायला लावली. पडवीपुढं तुराट्यांचा मांडव घातला, वर पोती टाकली, आणि पोरांचं अंथरूण तिथं हलवलं. मन्मथ मास्तर कुरकुरले, उन्हानं पोरं आजारी पडतील म्हणाले. तिनं त्यांनाच मांडवाची जबाबदारी दिली, म्हणाली, "तुमच्याइतकं काळजीनं कुणी बघणार नाही." ते खरंही होतं. मास्तर मग दिवसभर पोत्यांवर सांडपाणी शिंपडत राहिले.

बातमी अप्पांकडं गेली. त्यांनी चिठ्ठी पाठवली, की अध्यक्षांना न विचारता जागा बदलल्याचा खुलासा द्यावा, नाहीतर पद सोडावं. रुद्राणीनं चिठ्ठी टेबलाच्या खणात टाकली आणि पोरांची नखं कापायला बसली. नोकरी गेली तर उदगीरला जाऊन भावाच्या दारात उभं राहावं लागणार होतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी अप्पा स्वतः आले, सोबत दोन हमाल.

"उचला रे अंथरुणं. ठिवा आत."

"अप्पा, मी मुलांना आत जाऊ देणार नाही."

"शाळा माझी हाय, बाई."

"इमारत तुमची आहे. मुलं माझ्या ताब्यात आहेत. त्यांच्या आईबापांनी माझ्या हवाली केलीत."

पंचफुलाबाई चुलीमागून आणि व्यंकटी फाटकातून बघत होते. आजवर अप्पांपुढं कुणी असं बोललं नव्हतं. अप्पांचा चेहरा लाल झाला. ते तरातरा खोलीत गेले. दारापर्यंत सगळी पोरं त्यांच्या मागं गेली आणि उंबऱ्यावर थांबली. एकानंही पाय आत टाकला नाही.

"काय हाय इथं? हां? काय हाय?" अप्पा उत्तरेच्या कोपऱ्यात उभे राहून पाय आपटू लागले. "बघा! दगड हाय, दगड! माझ्या बापानं बसवलेला दगड!"

रुद्राणीला काही ऐकू आलं नाही, काही जाणवलंही नाही. पण तिच्या बाजूनं सिंधू सुटली. घशातून तिचा तो चिरका, आकार नसलेला आवाज काढत ती धावली आणि दोन्ही हातांनी अप्पांचं मनगट धरून मागं लोंबकळली. अप्पा तोल जाऊन तिच्या अंगावर पडले. आणि ते जिथं उभे होते तिथली फरशी, चहाच्या बशीत बिस्किट विरघळावं तशी, आवाज न करता खाली बसली. मग बाजूच्या गेल्या. मग खालून धूळ आली, आणि तिच्याबरोबर जुन्या, कुबट ज्वारीचा वास.

अप्पांचा एक पाय कडेवरून लोंबकळत होता. व्यंकटीनं आणि मास्तरांनी त्यांना ओढून घेतलं.

खाली पेव होतं. जुन्या काळी धान्य साठवायला जमिनीत खोल खणत, वर अरुंद तोंड आणि आत रांजणासारखी पोटाडी, तसलं. तोंडावर एक शिळा ठेवून वरून फरशी घातलेली. शिळेला तडा जाऊन ती निखळली होती.

पोलीस आले, पंच आले. पेवातली हवा विषारी असते म्हणून आधी कंदील सोडला, मग माणूस. तो माणूस वर आला तो हात जोडतच. खाली हाडं होती. बाईमाणसाची. भिंतीला पाठ लावून, हात वर करून बसलेली. मनगटाच्या हाडांभोवती हिरव्या काचेच्या बांगड्या तशाच होत्या, एक सोडून सगळ्या शाबूत. भिंतीचा गिलावा हात पोचेल तिथपर्यंत खरवडून निघाला होता.

पंचांपैकी एक बांधकाम खात्यातला होता. तो म्हणाला, पोरांनी इतके दिवस पाणी ओतलं, त्यानं तोंडाची माती भिजली, म्हणून शिळा बसली. सगळ्यांना ते पटलं. पण खाली उतरलेला माणूस मान हलवत राहिला.

"पानी कुठलं साहेब? खाली माती ठनठनीत कोरडी हाय. थेंब न्हाई पडलेला."

त्या संध्याकाळी गंगम्मा टांग्यातून शाळेत आल्या. मुलाचा हात न धरता उतरल्या. मांडवात बाजेवर बसल्या आणि कुणी विचारायच्या आतच बोलू लागल्या.

"मी नवी नवरी व्हते. लेव्हीचे दिवस. सरकार घरोघर धान्य मोजून न्यायचं. सासऱ्यांनी पेवात ज्वारी दडवली व्हती. ती काढायला एक बाई उतरवली, मजुरीन. हिमायतनगराकडून पोटासाठी आल्याली, एकटी. तिला दोर लावून खाली सोडलं, आन् तेवढ्यात लेव्हीवाले फाटकात. सासऱ्यांनी दोर ओढून घेतला, शिळा घातली, वर पोती रचली. म्हनले, आत्ता जातील. ते गेलेच न्हाईत. तिथंच मुक्काम ठोकला. त्यांला चहा, जेवन, समदं. आन् खालून थापा."

"कुणाला ऐकू आल्या नाहीत, अव्वा?" रुद्राणीनं विचारलं.

"समद्यांला आल्या. लेव्हीच्या साहेबानं बी इचारलं. सासरे म्हनले, उंदरं हाईत. मी पानी घिऊन निघाले, तर सासूनं हात धरला. म्हनली, कुंकू जपायचं का न्हाई तुला? मी बसले. मग थापा थांबल्या. ते गेल्यावर कुनाची शिळा उघडायची हिंमत झाली न्हाई. मग ह्याच्या बापानं वर फरशी घातली."

अप्पा खांबाला टेकून उभे होते. ही घटना घडली तेव्हा त्यांचा जन्मही झालेला नव्हता. ते खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तसेच म्हणाले, "नाव काय व्हतं तिचं?"

"कुनी इचारलं न्हाई," गंगम्मा म्हणाल्या.

पुढं पोलिसांना प्रश्न पडला, की जाळायचं का पुरायचं? जात कळेना, गाव कळेना, वारस नाही. फौजदार तसा भला माणूस होता, पण त्यालाही कुणाची तरी सही हवी होती. रुद्राणी म्हणाली, "संस्थेच्या नावानं मी ताब्यात घेते. पुरू या." गंगम्मांनी कोरं लुगडं दिलं. बांगड्या तशाच ठेवल्या.

पोरांना न्यावं की नाही यावर मास्तरांशी वाद झाला. शेवटी मास्तर स्वतःच पोरांची रांग लावून निघाले. माती टाकून झाल्यावर प्रत्येकानं आपल्या वाटणीचा पेला ओतला. पाणी थोडा वेळ वर साचलं, मग सावकाश जिरलं, मातीत जिरतं तसं.

तपासणीचे साहेब आठवडाभरानं आले. रुद्राणीनं त्यांना खड्डा दाखवला आणि मांडवही. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि नवी जागा मिळेपर्यंत मुदत लिहून दिली. अप्पांनी आपल्या आडत दुकानाचा वरचा मजला शाळेला मोकळा करून दिला. रुद्राणीला पाठवलेली ती चिठ्ठी त्यांनी मागून घेतली आणि फाडली. अध्यक्षपद सोडतो म्हणत होते, पण तिनं सोडू दिलं नाही. "काम राहिलंय अजून," एवढंच म्हणाली. ते काम करत राहिले, फक्त सिंधू समोर आली की त्यांची नजर खाली जायची.

नव्या जागेत पोरांनी पहिल्याच दिवशी सगळ्या फरश्या चाचपून पाहिल्या आणि दुपारी गाढ झोपली.

गंगम्मा मात्र दर दुपारी येऊ लागल्या. जिना चढताना धाप लागायची, तरी यायच्या. भिंतीशी बसून झोपलेल्या पोरांकडं बघत राहायच्या. रुद्राणीला वाटलं, म्हातारीचा जीव रमतोय. चांगलंच आहे.

एका दुपारी त्यांनी रुद्राणीला खुणेनं जवळ बोलावलं. "थांबलं ना गं ते? पोरं काय म्हनत्यात?"

"थांबलं अव्वा. केव्हाच थांबलं."

गंगम्मांनी मान हलवली. मग आपला हात उचलून रुद्राणीचा तळवा स्वतःच्या पाठीमागच्या भिंतीवर ठेवला.

"मला येऊन राहिलंय," त्या म्हणाल्या. "घरी बी येतंय, हितं बी येतंय. आधी नुसत्या थापा व्हत्या. आता हळूहळू येतंय, जवळून. मला वाटतंय ती कायतरी सांगून राहिलीय. पोरांला समजंल का, इचारून बघ."

रुद्राणीला भिंतीत काही जाणवलं नाही. तिनं सिंधूला उठवलं. पोरगी डोळे चोळत आली. तिनं आधी भिंतीला हात लावला, मान हलवली. मग म्हातारीकडं नीट पाहिलं आणि तिच्या छातीवर तळवा टेकवला. बराच वेळ ती तशीच उभी राहिली, मान खाली घालून.

"काय म्हनती?" गंगम्मांनी विचारलं.

सिंधूनं रुद्राणीकडं वळून खूण केली. बांगड्यावाली. मग म्हातारीकडं बोट. मग हात पुढं करून, बोटं जवळ घेऊन, ये.

रुद्राणीनं आजवर पोरांची एकही खूण कधी खोटी सांगितली नव्हती. तिनं गंगम्मांचा हात आपल्या हातात घेतला.

"पाणी मिळालं म्हणते, अव्वा," ती म्हणाली.

गंगम्मांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "आज सांजपर्यंत मी हितंच बसू का?"

"बसा की," रुद्राणी म्हणाली, आणि खालून टँकरवाल्याची हाक आली तरी उठली नाही.